ट्रम्पेटमधला किराणा

नमस्कार श्रोतेहो.

किराणा घराण्याच्या हिराबाई बडोदेकरांचा एखादा विलंबित ख्याल आठवून पाहा. एका सुरावरून दुसऱ्यावर जाताना मधली सगळी वाट त्या ऐकवत जातात, कुठे उडी नाही, कुठे घाई नाही. हिराबाईंनी सुरेशबाबू मान्यांबरोबरच उस्ताद अब्दुल वहीद खाँसाहेबांचीही तालीम घेतली होती. याच खाँसाहेबांचा आणखी एक शिष्य होता, लाहोरचे पंडित प्राणनाथ. १९७० च्या सुमारास प्राणनाथ न्यूयॉर्कला गेले आणि तिथे त्यांच्यासमोर गाणं शिकायला जी मंडळी बसली, त्यांत मेम्फिस गावचा एक ट्रम्पेटवाला होता. जॉन हॅसल त्याचं नाव. आज त्याच्याबद्दल बोलायचं आहे. गुरुघराण्याचं नातं लावायचंच म्हटलं, तर हा अमेरिकन गृहस्थ हिराबाईंचा पुतण्या लागतो!

हॅसलचा जन्म १९३७ चा. शिक्षण रॉचेस्टरच्या ईस्टमन संगीत विद्यालयात, पुढे जर्मनीत कलोनला संगीतकार कार्लहाइन्झ श्टॉकहाउझेन यांच्याकडे. इलेक्ट्रॉनिक संगीताचं ते तेव्हाचं मोठं केंद्र. परत आल्यावर १९६८ मध्ये टेरी रायलींच्या ‘इन सी’ या रचनेचं पहिलं ध्वनिमुद्रण झालं, त्यातही तो वाजवतो. म्हणजे पाश्चात्त्य संगीतातलं नव्यातलं नवं जे काही होतं, ते त्याच्या हाताशी होतं. आणि १९७२ मध्ये हा माणूस प्राणनाथांबरोबर भारतात आला आणि सा लावायला शिकू लागला.

आता ट्रम्पेटची अडचण बघा. त्याला तीन कळा असतात. कळ दाबली की नळीची लांबी वाढते आणि सूर ठरावीक अंतराने खाली उतरतो. पायरीवरून पायरीवर. किराण्याचा सगळा जीव तर दोन पायऱ्यांच्या मधल्या उतारावर, मींडेत. हॅसलने मग तोंडाकडूनच सुरुवात केली. शंख फुंकावा तसं फुंकायचं, ओठांच्या ताणाने सूर वळवायचा, कळ अर्धवट दाबून ठेवायची, आणि श्वासाचा खरखरीत आवाज लपवायचा नाही. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला हा ट्रम्पेट आहे हे कळतच नाही. बासरी वाटते, कधी कुणीतरी घसा बसलेला माणूस गुणगुणतोय असं वाटतं.

या आवाजाला त्याने जोड दिली हार्मोनायझर नावाच्या यंत्राची. हे यंत्र येणारा आवाज बारीक तुकड्यांत साठवतं आणि मूळ वेगापेक्षा जलद किंवा सावकाश वाचून दाखवतं, त्यामुळे स्वराची उंची बदलते पण लय तीच राहते. हॅसल मींड घेतो आणि त्याच्या वर-खाली दुसरे दोन-तीन ट्रम्पेट तीच मींड, त्याच क्षणी, वेगळ्या पट्टीत घेतात. आपल्याकडच्या कानाला हे आधी जरा खटकतं. आपल्याला एकच सूर आणि मागे तानपुरा एवढीच सवय. पण थोडा वेळ दिला की ऐकता ऐकता गर्दी विरते आणि एकच जाड, हलता सूर उरतो.

१९७० च्या दशकाच्या अखेरीस आलेली त्याची ‘व्हर्नल इक्विनॉक्स’ ही तबकडी ब्रिटिश संगीतकार ब्रायन इनोच्या कानावर पडली आणि इनो त्याला शोधत आला. दोघांची मिळून १९८० मध्ये तबकडी निघाली, ‘फोर्थ वर्ल्ड, भाग एक: पॉसिबल म्युझिक्स’. वादक कोण, तर ब्राझीलचा नाना व्हास्कॉन्सेलोस, सेनेगलचा आयब दिएंग, वेल्सचा बासवादक पर्सी जोन्स. घटम, म्हणजे मातीच्या घड्याचं तालवाद्य, तुम्ही दाक्षिणात्य मैफलीत ऐकलं असेल. या तबकडीवर ते वाजवणाऱ्यांत हा सेनेगलचा माणूस आहे. आणि ते असं काही वाजतं की कुठल्या देशाचं वाद्य हे विचारावंसंही वाटत नाही.

चौथं जग ही हॅसलची कल्पना. नकाशावर ते कुठेच नाही. जुन्या, मातीतल्या संगीतपरंपरा आणि अत्याधुनिक यंत्रं यांच्या संयोगातून जे होऊ शकलं असतं पण झालं नाही, ते संगीत. त्यासाठी त्याने मानववंशशास्त्र अक्षरशः उशाशी घेतलं होतं. रचनांची नावंच पाहा. एक ‘बा-बेंझेले’, मध्य आफ्रिकेच्या जंगलातल्या लोकसमूहाचं नाव. त्यांच्या बहुस्वरी गाण्याची ध्वनिमुद्रणं १९६० च्या दशकात युरोपात निघाली होती. दुसऱ्या एका नावात ‘संसर्गजन्य जादू’ असे शब्द आहेत. हे थेट मानववंशशास्त्रज्ञ जेम्स फ्रेझरच्या पुस्तकातून: माणसाच्या केसांवर, नखांवर मंत्र टाकला की तो त्या माणसाला लागतो, ही समजूत. आपल्याकडे लहान मुलांची जावळं इकडेतिकडे पडू देत नाहीत, तेच हे.

पुढच्याच वर्षी, १९८१ मध्ये, दुसरा भाग आला. ‘ड्रीम थिअरी इन मलाया’. हे नाव त्याने किल्टन स्ट्युअर्ट या अमेरिकन लेखकाच्या १९५१ मधल्या लेखावरून घेतलं. १९३० च्या दशकात मलायाच्या, म्हणजे आजच्या मलेशियाच्या, डोंगरातल्या सेनोई लोकांमध्ये स्ट्युअर्ट गेला होता. त्याने लिहिलं की हे लोक रोज सकाळी न्याहारीला बसून एकमेकांना स्वप्नं सांगतात. मुलगा म्हणाला, मी उंचावरून पडलो आणि घाबरून जागा झालो, तर बाप म्हणतो, वा, फार चांगलं स्वप्न! पडत पडत कुठे पोहोचलास, काय सापडलं? आणि या सवयीमुळे म्हणे त्यांच्यात ना गुन्हे, ना वेडाचे झटके. कॅलिफोर्नियातल्या तरुण मंडळींनी हा लेख डोक्यावर घेतला, स्वप्नं सांगण्याचे वर्ग निघाले. हॅसल त्याच वातावरणातला.

पुढे कळलं की यातलं बरंचसं स्ट्युअर्टच्या मनचं होतं. १९६० च्या दशकात सेनोईंपैकी सेमाई लोकांत राहून आलेले मानववंशशास्त्रज्ञ रॉबर्ट डेंटन यांना अशा न्याहारीच्या स्वप्नशाळा कुठे दिसल्या नाहीत. १९८५ मध्ये विल्यम डॉमहॉफ यांनी या दंतकथेचा माग काढून पुस्तकच लिहिलं. गंमत पुढेच आहे. सेनोईंपैकीच टेमियार लोकांच्या संगीताचा सखोल अभ्यास मरीना रोझमन यांनी केला, तो १९९१ मध्ये प्रसिद्ध झाला. टेमियारांची गाणी खरोखरच स्वप्नातून येतात. झाडाचा, नदीचा, डोंगराचा आत्मा स्वप्नात येऊन माणसाला चाल देतो. मग रात्रीच्या विधीत तो माणूस ओळ गातो, त्याची ओळ संपायच्या आत बाकीचे ती उचलतात आणि बायका बांबूच्या दोन नळ्या, एक लांब आणि एक आखूड, आळीपाळीने लाकडाच्या ओंडक्यावर आपटून ताल धरतात. स्वप्न आणि संगीत यांचं हे एवढं जिवंत नातं तिथे असताना स्ट्युअर्टला दिसली ती न्याहारी!

म्हणून माझं मत असं की या तबकडीतला मलाया हा कॅलिफोर्नियाचा मलाया आहे. तरी एक रचना मला फार आवडते. मलायातलेच सेमेलाई लोक पाण्यात उतरून पाण्याच्या पृष्ठभागावर तळवे आपटून ताल धरतात, त्याचं ध्वनिमुद्रण तिच्या बुडाशी आहे. तो छपाक् छपाक् आवाज कुणी लेखात रचलेला नाही. हॅसल जेव्हा कागदावरून घेतो तेव्हा वातावरण सुंदर होतं, पण कुठलंही होतं. आणि जेव्हा कानाने, समोर बसून घेतो, तेव्हा एका मींडेत सुद्धा वहीद खाँसाहेबांची तालीम ऐकू येते. फरक तालमीचा आहे.

सहवादकांशी वागणंही पुढे बदलत गेलं असं दिसतं. १९८८ ची ‘फ्लॅश ऑफ द स्पिरिट’ बुर्किना फासोच्या फाराफिना या वाद्यवृंदाबरोबर केलेली, आणि वर दोन्ही नावं बरोबरीने छापलेली. तिथले बलाफोन, म्हणजे लाकडी पट्ट्यांचं भोपळे बांधलेलं वाद्य, कुणाच्या यंत्राच्या मागे दबून वाजत नाही; उलट हॅसललाच जागा शोधावी लागते. १९९९ च्या ‘फॅसिनोमा’मध्ये आपल्या मुंबईच्या रोणू मजुमदारांची बासरी आहे. निर्मिती अमेरिकन गिटारवादक राय कूडरची. तिथे हॅसल यंत्रं जवळजवळ बाजूला ठेवून वाजवतो.

वयाच्या ऐंशीनंतर त्याने स्वतःचं लेबल काढून २०१८ आणि २०२० मध्ये दोन तबकड्या केल्या. आज घरातल्या लॅपटॉपवर संगीत करणारी मुलं त्याला आपला माणूस मानतात ते काही उगाच नाही. २६ जून २०२१ ला, ८४ व्या वर्षी तो गेला.

ऐकायला सुरुवात करणार असाल तर इनोबरोबरच्या तबकडीची दुसरी बाजू लावा. तिच्यावर एकच रचना आहे, वीसेक मिनिटांची, ‘चार्म’ नावाची. पहिली पाच मिनिटं काहीच घडत नाही असं वाटेल. विलंबिताची सवय असलेल्यांना ते सांगायला नको. त्यानंतर ‘फॅसिनोमा’. मलाया सगळ्यात शेवटी, आणि ऐकताना स्ट्युअर्टला विसरा, पाणी ऐका. नमस्कार.