रोहिताची मान वर झाली की

नमस्कार श्रोतेहो. नाताळच्या सुट्टीत किंवा संक्रांतीच्या आसपास पुण्यातल्या बऱ्याच घरांत भिगवणचा बेत ठरतो. सोलापूर रस्त्यानं साधारण 100 किलोमीटरवर उजनी धरणाचं पाणी पसरलेलं आहे, आणि त्यात उभे असतात रोहित, म्हणजे फ्लेमिंगो.

निघण्याआधी कुंभारगावच्या किंवा डिकसळच्या नावाड्याला फोन करून एवढंच विचारा, "पाणी किती उतरलंय?" रोहित चोच उलटी धरून उथळ चिखलपाण्यातून बारीक खाद्य गाळून खातो. धरण काठोकाठ भरलेलं असेल तर त्याला उभं राहायलाच जागा नसते. शेतीला पाणी सुटलं, काठचा चिखल उघडा पडला, की थवे स्थिरावतात. चांगल्या पावसाच्या वर्षी यासाठी फेब्रुवारीपर्यंतही वाट पाहावी लागते. तोवर हिमालय ओलांडून आलेले पट्टकादंब, चक्रवाक, थापट्या बदकं असतातच, त्यामुळे फेरी वाया जात नाही.

जानेवारीत सूर्य सातच्या सुमारास उगवतो. हडपसरहून पहाटे साडेचारला निघालात तर उजाडताना नावेत बसाल. नऊ-साडेनऊनंतर ऊन तापलं की पाण्यावरची हवा थरथरते आणि लांबच्या पक्ष्याची कड विरघळल्यासारखी येते. लोक लेन्सला नावं ठेवतात, पण यावर लाखाच्या लेन्सचाही इलाज चालत नाही. तेव्हा लांबचा नाद सोडा आणि जवळचा कवड्या खंड्या किंवा राखी बगळा टिपा.

नावेत बसण्याआधी मुलांची लाइफ जॅकेटं तपासा. पट्टे बांधून झाले की जॅकेट खांद्याशी धरून वर ओढा. ते हनुवटी-कानांपर्यंत सरकलं तर मोठं आहे. पाण्यात पडल्यावर मूल त्यातून निसटेल. लहान मापाचं मागा, आणि नसेल तर त्या नावेत मुलाला बसवू नका.

आता सगळ्यात महत्त्वाचं. थव्याकडे नाव सरळ रेषेत नेऊ नका. तिरकं तिरकं, थांबत थांबत जा आणि सूर्य पाठीशी ठेवा. दुर्बिणीतून माना बघत राहा. माना खाली आणि चोची पाण्यात असतील तर सगळं ठीक. चार-पाच माना ताठ वर आल्या, थवा एकाच दिशेनं झपझप चालू लागला, की आपण जास्त जवळ आलोय. तिथंच इंजिन बंद करायला सांगा. रोहिताला उडण्यासाठी पाण्यावरून बरंच धावावं लागतं, त्यात त्याची खूप शक्ती जाते. उडत्या थव्याच्या फोटोसाठी नावाड्याला "जरा उडवा की" म्हणणारे लोक असतात. कृपा करून तसं म्हणू नका. न घाबरलेले पक्षी चरताना, भांडताना, पिसं साफ करताना दिसतात, आणि फोटो खरे तिथेच मिळतात.

नावेत ट्रायपॉड कुचकामी, कारण नावेबरोबर तोही हलतो. जुन्या जीन्सच्या पायात दीड किलो तांदूळ भरा, दोन्ही टोकं बांधा आणि त्यावर लेन्स टेकवा, पण इंजिन बंद झाल्यावरच. चालू इंजिनाची थरथर लाकडातून लेन्सपर्यंत पोचते. उभ्या पक्ष्याला शटरचा वेग 1/1000 सेकंद, उडत्याला 1/2000. पांढऱ्या पक्ष्यामागे गडद पाणी असलं की कॅमेरा उजेड वाढवतो आणि पिसांचा नुसता पांढरा डाग उरतो, म्हणून एक्स्पोजर, म्हणजे फोटोतला उजेड, उणे 0.7 ठेवा. पक्षी उजळ आभाळासमोर उडत असेल तर उलट, अधिक 1.

लहान मुलांची एक तक्रार नेहमीची, "मला दोन गोल दिसतात." त्यांच्या डोळ्यांतलं अंतर कमी असतं आणि 8×42 ची (आठपट मोठं दाखवणारी, 42 मिलिमीटर भिंगाची) मोठी दुर्बीण तेवढी मिटत नाही. त्यांच्यासाठी 8×21 ची छोटी दुर्बीण घ्या. ती बिजागरीवर पूर्ण मिटवा आणि दोन गोलांचा एक होईपर्यंत हळूहळू उघडा. मग उजवा डोळा मिटून मधल्या चाकानं चित्र स्पष्ट करा, नंतर डावा मिटून उजव्या भिंगाची कडी फिरवा. हे घरीच, गच्चीवरून समोरच्या पाण्याच्या टाकीवर करून ठेवा. नावेत शिकवायला वेळ नसतो.

कुरवांना, म्हणजे सीगल पक्ष्यांना, शेव-फरसाण टाकू नका. ते त्यांचं अन्न नाही.

घरी फोटो मोठे करून पाहताना थव्यातले मळकट राखाडी रोहित मुलांना शोधायला सांगा. ती पिल्लं. गुलाबी रंग खाद्यातल्या रंगद्रव्यांतून येतो आणि तो चढायला काही वर्षं लागतात. अशी किती दिसली ते मोजा, आणि तारीख, जागा, आकडा वहीत लिहून ठेवा. पुढच्या हिवाळ्यात त्याच जागेवरून पुन्हा मोजता येईल. नमस्कार.