हिरव्या पानाच्या आत काय चाललंय

नमस्कार श्रोतेहो. वाहत्या रस्त्याच्या कडेच्या झाडाचं एखादं पान हातात घ्या आणि बोट फिरवून बघा, बोट काळं होतं, आपण म्हणतो धूळ आहे, पाऊस पडला की जाईल. वरची जाते हो, पण पान बाहेरून हिरवंगार दिसत असतानाच आत बिघाड सुरू झालेला असू शकतो आणि तो नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, मला हेच जास्त लागतं. तो दाखवतो इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप, आज त्याच्याबद्दलच बोलू.

साध्या मायक्रोस्कोपची धाव साधारण 200 नॅनोमीटरपर्यंत (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग), त्याहून जवळजवळचे दोन ठिपके एकच वाटतात. 1931 मध्ये जर्मनीत अर्न्स्ट रुस्का आणि मॅक्स नॉल यांनी प्रकाशाऐवजी इलेक्ट्रॉन वापरून बघितले आणि तिथून हा इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप आला, रुस्कांना त्याबद्दल नोबेल मिळालं ते थेट 1986 मध्ये.

आता पाइनची सुई घ्या, म्हणजे त्याचं पानच ते. तुकडा नीट वाळवून वर सोन्याचा अगदी पातळ थर देतात आणि स्कॅनिंग मायक्रोस्कोपखाली, म्हणजे वरच्या पृष्ठभागावरून इलेक्ट्रॉनचा झोत फिरवणाऱ्या मायक्रोस्कोपखाली, ठेवतात. पर्णरंध्राच्या, म्हणजे पान ज्यातून श्वास घेतं त्या बारीक छिद्राच्या, तोंडाशी मेणाच्या बारीक बारीक नळ्या दिसतात, एकमेकींत गुंतलेल्या, पिंजलेल्या लोकरीसारख्या, त्यांच्यामधून हवा ये-जा करते पण पाणी भराभर उडून जात नाही. प्रदूषित हवेतल्या सुईवर याच नळ्या एकमेकींना चिकटून सपाट पापुद्रा झालेला दिसतो आणि त्यातच कुठेतरी एखादा कण रुतलेला. त्या कणावर इलेक्ट्रॉन आदळले की एक्स-रे निघतात, प्रत्येक मूलद्रव्याचे वेगळे, त्यावरून कळतं की यात सिलिकॉन आणि ॲल्युमिनियम आहे म्हणजे बहुधा मातीचा, का लोखंड, जस्त, शिसं आहे म्हणजे बहुधा कारखान्याच्या किंवा गाड्यांच्या प्रदूषणातला.

ओझोनचं मात्र असं नाही. तो प्रदूषित हवेत जमिनीलगत तयार होणारा वायू, मागे कणबिण काही ठेवत नाही, त्याचा माग काढायचा तर पेशीच्या आतच शिरावं लागतं. त्यासाठी हिऱ्याच्या सुरीने 60 ते 90 नॅनोमीटर जाडीचे काप काढतात आणि इलेक्ट्रॉन त्यांच्या आरपार सोडतात. मग हरितलवकं, म्हणजे पेशीतले पानाला हिरवा रंग देणारे बारीक भाग, दिसतात, आत पडद्यांच्या चकत्या एकावर एक रचलेल्या, जिथे सूर्यप्रकाश पकडला जातो. ओझोनने ही हरितलवकं आक्रसतात, आतला द्रव गडद दिसायला लागतो, आणि रुंद पानांच्या झाडांत हे बहुतेकदा वरच्या उभ्या पेशींपासून सुरू होतं. सल्फर डायऑक्साइडने, म्हणजे कोळसा वगैरे जाळल्यावर निघणाऱ्या वायूने, उलट त्या चकत्या फुगतात.

एक गोष्ट मात्र मी आग्रहाने सांगणार, नुसता एक फोटो बघून हे प्रदूषणच असं म्हणू नका. मेण वयानेही झिजतं, वाऱ्याने फांद्या घासूनही जातं, आणि लॅबमध्ये तुकडा नीट टिकवला नाही तर चकत्या तशाही फुगतात. म्हणून स्वच्छ हवेतल्या त्याच जातीच्या झाडाची, त्याच वयाची, तेवढ्याच उंचीवरची सुई शेजारी हवीच. पाइनमध्ये हे जरा सोपं जातं कारण सुया काही वर्षं फांदीवरच राहतात, टोकाला यंदाच्या, मागे गेल्या वर्षीच्या, त्याच्या मागे आणखी जुन्या. हवा खराब असेल तर टोकाच्या यंदाच्या सुईवरचं मेणसुद्धा स्वच्छ हवेतल्या जुन्या सुईसारखं दिसायला लागतं.