रेडिएशननंतरचा खोकला

नमस्कार. स्तनाच्या कॅन्सरवरचं व्याख्यान म्हटलं की गाठ कशी ओळखायची, तपासणी कधी करायची, हे ऐकायच्या तयारीनं लोक येतात. आज मी त्यावर बोलणार नाही. उपचार संपवून घरी परतलेल्या बऱ्याच जणी इथे आहेत, त्यांच्या घरची माणसं आहेत, आणि तालुक्याच्या गावांहून आलेले काही फॅमिली डॉक्टरही आहेत. तुम्ही सगळे एका छताखाली सहसा भेटत नाही, म्हणून आज मला फक्त एका खोकल्याबद्दल सांगायचं आहे.

हा खोकला रेडिएशन चालू असताना येत नाही. शेवटचा शेक घेऊन बाई घरी जाते, जेवण सुधारतं, डोक्यावर बारीक केस उगवायला लागतात, आणि मग साधारण एक ते तीन महिन्यांनी, कधी सहा महिन्यांपर्यंत, कोरडी ढास सुरू होते. जिना चढताना दम लागतो. संध्याकाळी अंगात कणकण असते. कुणाला छातीत जडपणा वाटतो. याला आम्ही रेडिएशन न्यूमोनायटिस म्हणतो. नाव न्यूमोनियासारखं असलं तरी इथे जंतूंचा संबंध नाही. किरणांमुळे फुफ्फुसाच्या एका भागाला आलेली ही सूज आहे, त्यामुळे अँटिबायोटिकचे कितीही कोर्स केले तरी ती हटत नाही.

किरण स्तनावर दिले, मग फुफ्फुसाचा काय संबंध, असं प्रत्येक घरातून विचारलं जातं, आणि ते विचारायलाच हवं. छातीची भिंत गोल आहे आणि किरण सरळ रेषेत जातात. आम्ही ते समोरून न मारता बाजूने तिरके, भिंतीला घासून जातील असे देतो. तरी सुरीनं आंब्याची साल काढताना थोडा गर सालीबरोबर जातो, तशी फुफ्फुसाची एक पातळ चकती किरणांच्या वाटेत येतेच. मशिनवर घेण्याआधी सीटी स्कॅन करून, संगणकावर ही चकती किती जाड आहे ते आम्ही मोजतो. दोन-तीन सेंटिमीटरच्या आत ठेवायचा प्रयत्न असतो. गळ्याच्या हाडाजवळच्या किंवा छातीच्या मधल्या हाडामागच्या गाठींनाही, म्हणजे लसिकाग्रंथींनाही (लिम्फ नोड), किरण द्यायचे असतील, तर जास्त फुफ्फुस वाटेत येतं आणि धोकाही वाढतो.

धोका किती? १९९१ साली बोस्टनच्या डॉक्टरांनी १,६२४ रुग्णांचा हिशेब मांडला होता. त्यांतल्या १७ जणींना हा त्रास झाला, म्हणजे शंभरात एक. पण ज्यांना गाठींवरही किरण दिले आणि त्याच काळात केमोही चालू ठेवली, त्यांच्यात हे प्रमाण जवळपास ९ टक्के होतं. केमो आणि रेडिएशन वेगवेगळ्या वेळी दिल्यावर ते १.३ टक्क्यांवर आलं. आज आपण केमो संपवून, तीन-चार आठवडे थांबून मग रेडिएशन सुरू करतो, त्यामागचं हेही एक कारण आहे. घाई करा म्हणून नातेवाईक मागे लागतात, तेव्हा हे त्यांना जरूर सांगा.

आता उशीर का लागतो ते बघू. फुफ्फुसाच्या हवेच्या पिशव्या उघड्या राहाव्यात म्हणून काही पेशी एक निसरडा द्रव तयार करतात. किरणांचा मार या पेशींना आणि बारीक रक्तवाहिन्यांच्या अस्तराला बसतो, पण परिणाम लगेच दिसत नाही. आठवड्यांनंतर तिथे सूज येते. बहुतेकींची ती आपोआप ओसरते. काहींच्या त्या भागात पुढे सहा ते बारा महिन्यांत व्रणासारखी घट्ट ऊती तयार होते, तिला फायब्रोसिस म्हणतात. वर्ष-दोन वर्षांत ती स्थिरावते. कित्येकींच्या स्कॅनमध्ये असा डाग सापडतो आणि त्यांना त्रास काहीच नसतो. अशा डागाला उपचार लागत नाही.

खरी अडचण या उशिरातूनच उभी राहते, आणि माझ्या आजच्या बोलण्याचा गाभा हाच आहे. लातूर, जालना, नंदुरबारकडची बाई मुंबईत येते, दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत किंवा नातेवाइकांकडे राहते, तीन आठवड्यांत पंधरा शेक घेते आणि गावी परतते. खोकला येतो तो गावी. ती जाते गावातल्या डॉक्टरांकडे. आपल्याला छातीत कॅन्सर होता हे ती त्यांना सांगत नाही, कारण बाहेर पाच माणसं बसलेली असतात. किंवा ऑपरेशनचं सांगते आणि शेक घेतल्याचं सांगायचं राहून जातं.

डॉक्टर एक्स-रे काढतात. फुफ्फुसाच्या वरच्या टोकाला डाग. सोबत कोरडा खोकला, कणकण, उतरलेलं वजन. आपल्याकडे हे चित्र बघून मनात पहिलं नाव टीबीचंच येतं, आणि त्यात डॉक्टरांचा दोष नाही. पण गळ्याजवळच्या गाठींना किरण दिले असतील, तर सूज नेमकी त्याच टोकाला येते. मग थुंकी न तपासता एकेटी, म्हणजे टीबीच्या गोळ्यांची ट्रीटमेंट, सुरू होते, तीही सहा महिन्यांसाठी.

यात आणखी एक तोटा लपलेला असतो, तो फार थोड्यांच्या लक्षात येतो. टीबीच्या गोळ्यांतलं रिफाम्पिसिन हे औषध यकृताला इतकं कामाला लावतं, की बाईनं घेतलेलं टॅमोक्सिफेन शरीरात टिकत नाही. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात रिफाम्पिसिनमुळे रक्तातलं टॅमोक्सिफेन ८६ टक्क्यांनी घटलं होतं. कॅन्सर परत येऊ नये म्हणून ती रोज न चुकता गोळी घेते आणि त्या गोळीचा उपयोग होत नाही. हे मला फार लागतं.

याची उलट बाजूही तेवढीच खरी आहे. या बायकांना खराखुरा टीबी होऊ शकतो. न्यूमोनायटिसचा उपचार स्टेरॉइड आहे, आणि टीबीत नुसतं स्टेरॉइड दिलं तर आजार भडकतो. म्हणून डॉक्टर मित्रांना माझी विनंती आहे, दोन्ही बाजूंनी अंदाजावर जाऊ नका. सीबीनॅट, म्हणजे थुंकीतला टीबीचा जंतू शोधणारी तपासणी, करा. थुंकी येत नसेल, आणि कोरड्या खोकल्यात ती येत नाहीच, तर दुर्बिणीतून नमुना घ्यायला पाठवा. सीटी स्कॅन बघताना डागाची कड तपासा. किरण जिथे थांबले तिथे डागही बऱ्याचदा सरळ रेषेत थांबतो. जंतूंचा आजार अशी रेघ पाळत नाही. क्वचित सूज किरणांच्या क्षेत्राबाहेर, दुसऱ्या बाजूलाही सरकते, तेव्हा छातीच्या तज्ज्ञांची मदत घ्या.

आणि ताई, तुमच्याकडे एक कागद हवा. रेडिएशन संपताना मिळणारं समरी कार्ड. कोणती बाजू, किती मात्रा, गाठींना किरण दिले का, शेवटची तारीख कोणती, हे सगळं त्यावर असतं. खोकल्यासाठी कुठेही गेलात तरी तो कागद आधी टेबलावर ठेवा. बाहेर माणसं असतील तर काही बोलू नका, नुसता कागद पुढे करा. फोनमध्ये त्याचा फोटो ठेवला तरी चालेल.

त्रास हलका असेल तर आम्ही नुसतं लक्ष ठेवतो. दम लागत असेल तर प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड देतो आणि काही दिवसांतच उतार पडतो. धोका तिथेच आहे. बरं वाटलं म्हणून बाई गोळ्या बंद करते आणि दम दुपटीनं परततो. ही मात्रा कित्येक आठवडे घेऊन हळूहळू उतरवायची असते. मधुमेह असेल तर त्या काळात साखर वाढणार, ती मोजत राहायची.

हे ऐकून कुणी रेडिएशनच नको म्हणू नये. स्तन वाचवून केलेल्या ऑपरेशननंतर रेडिएशन दिल्यावर दहा वर्षांत आजार परतण्याचं प्रमाण ३५ वरून १९ टक्क्यांवर येतं, हे दहा हजारांहून जास्त बायकांच्या माहितीवरून २०११ मध्ये स्पष्ट झालं. खोकला शंभरातल्या एखाद-दोघींना होतो आणि बहुतेकींचा बराही होतो. धूम्रपान करणाऱ्यांना मात्र वेगळं सांगावं लागतं. त्यांच्यात पुढे फुफ्फुसाच्या कॅन्सरचा धोका खरोखर वाढतो, म्हणून रेडिएशनच्या आधीच ते सोडायला हवं.

मागून एका डॉक्टरांनी विचारलं आहे, कुणाला त्याच दिवशी पाठवायचं? बोलताना धाप लागत असेल, बोटावरच्या मशिनवर ऑक्सिजन ९४ च्या खाली असेल, तर लगेच. अचानक दम लागला, छातीत कळ आली आणि एका पायाला सूज असेल, तर न्यूमोनायटिसचा विचार बाजूला ठेवा. ती फुफ्फुसात गेलेली रक्ताची गुठळी असू शकते. तिथे दुसऱ्या दिवसाची वाट बघायची नाही.