चाळीस मीटरचा पट्टा

मंडळी, मुंबईतल्या रेडिओ क्लबनं जून 1923 मध्ये प्रसारण सुरू केलं, तेव्हा आकाशवाणी नावाची गोष्टच नव्हती. इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचं मुंबई केंद्र उघडलं 23 जुलै 1927 रोजी. म्हणजे त्याआधी चार वर्षं या शहरात हवेतून आवाज येत होता, आणि तो आणला होता व्हॉल्व्ह आणि तारा जोडत बसणाऱ्या हौशी माणसांनी. हे मला फार मोठं वाटतं, कारण आपल्या रेडिओच्या इतिहासाचं पहिलं पान त्यांच्या नावावर आहे.

पुढे 1939 साली महायुद्ध पेटलं. हौशी केंद्रं बंद झाली, यंत्रं जमा करायचे हुकूम निघाले. पण ती जुळवायची विद्या येणारी माणसं शहरातच होती. 27 ऑगस्ट 1942 रोजी उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा गुप्त काँग्रेस रेडिओ बोलू लागला. त्याचं प्रक्षेपण यंत्र उभारण्यात नरिमन प्रिंटर या रेडिओच्या जाणकाराचा हात होता. जागा बदलत बदलत ते केंद्र 12 नोव्हेंबरपर्यंत चाललं. त्याची घोषणा असायची 42.34 मीटरवर, म्हणजे तेवढ्या लांबीच्या रेडिओ लहरीवर. तुम्ही घरी गणित करून पाहा, हे सुमारे 7.08 मेगाहर्ट्झ होतात. आज भारतातल्या हॅमना, म्हणजे आमच्यासारख्या परवाना घेतलेल्या हौशी रेडिओवाल्यांना, 7 ते 7.2 मेगाहर्ट्झ हा पट्टा मिळालेला आहे. आम्ही त्याला चाळीस मीटर म्हणतो. काँग्रेस रेडिओ हा काही हौशी क्लब नव्हता, ते बंड होतं. तरी रोज सकाळी आम्ही ज्या पट्ट्यावर एकमेकांना नमस्कार करतो, त्याच पट्ट्यावर तो आवाज होता, याचा मला मनापासून अभिमान आहे.

हाच पट्टा का? दिवसा या लहरी वरच्या आयनोस्फिअरवर, म्हणजे वातावरणातल्या विद्युतभारित थरावर, आदळून काहीशे किलोमीटरच्या टापूत खाली उतरतात. मुंबईहून लातूर, सोलापूर, कोल्हापूर सहज मिळतं, मध्ये सह्याद्री आला तरी अडत नाही. मधे टॉवर नाही, केबल नाही, कुठली कंपनी नाही. बारा व्होल्टची बॅटरी, एक सेट आणि वीसेक मीटर तार, एवढ्यावर काम होतं.

स्वातंत्र्यानंतर, 15 मे 1948 रोजी महूला अमॅच्युअर रेडिओ सोसायटी ऑफ इंडिया स्थापन झाली. गावोगावचे क्लब मात्र लोकांनी आपापल्या उत्साहावर चालवले. त्या क्लबांचं खरं काम कोणतं म्हणाल, तर ‘नेट’. ठरलेल्या वेळी, ठरलेल्या फ्रिक्वेन्सीवर सगळ्यांनी यायचं. एक जण नेट कंट्रोल. तो नाव पुकारेल तेव्हाच बोलायचं. आधी ऐकायचं, मग आपला कॉल साइन, म्हणजे परवान्यावरचं सांकेतिक नाव, द्यायचा, थोडक्यात सांगायचं आणि मागे सरायचं. निरोप द्यायचा तर तो लिहून, क्रमांक घालून, शब्द मोजून. घेणारा शब्दांची संख्या पडताळतो. एक कमी आला तर पुन्हा मागतो. नवख्याला हे कंटाळवाणं वाटतं. ‘हवामान कसं आहे’ यापलीकडे रोज असतं तरी काय, असं तो विचारतो. पण त्यातूनच कुणाचा सेट किती पोचतो, कुणाचा आवाज खरखरीतही कळतो, कोण घाईत चुकतो, हे सगळ्यांना पाठ होतं. गोंधळाच्या दिवशी हे शिकायला वेळ नसतो.

डिसेंबर 2004 मध्ये भारती प्रसाद आणि त्यांचे सहकारी अंदमानला गेले होते ते हौसेपोटी. तिथून बरीच वर्षं हॅम केंद्र चाललं नव्हतं, त्यामुळे जगभरचे हॅम त्यांच्याशी एक संपर्क व्हावा म्हणून टपून बसलेले. 26 तारखेला भूकंप झाला, मागून त्सुनामी आली, फोन गेले. त्या दिवसापासून त्याच सेटवरून, त्याच माणसांनी वाचलेल्यांची नावं आणि खुशाली मुख्य भूमीवरच्या नातेवाइकांपर्यंत पोचवली. पुढे कार निकोबारवरही केंद्र उभं राहिलं. दूरचा क्षीण सिग्नल गोंगाटातून वेचायची सवय दूरदूरचे संपर्क साधायच्या स्पर्धेनं लावली होती, ती तिथे कामी आली. म्हणून ‘हे नुसते झालेल्या संपर्कांची कार्डं जमवतात’ असं कुणी म्हटलं की मला वाईट वाटतं.

क्लब इतरही पुष्कळ करतात. फॉक्स हंटमध्ये लपवलेला ट्रान्समीटर दिशादर्शक अँटेनानं शोधायचा असतो. मुलं त्यात देहभान विसरतात. ऑक्टोबरमध्ये स्काउट-गाइडची जांबोरी, म्हणजे त्यांचा मेळावा, रेडिओवरून हवेत भरते. आणि पुण्याच्या सीओईपी या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी बनवलेला ‘स्वयम्’ हा किलोभर वजनाचा उपग्रह 22 जून 2016 रोजी पीएसएलव्हीवरून गेला, तोही हौशी रेडिओच्या फ्रिक्वेन्सीवर बोलणारा.

आता तुमच्याकडे एक मागणं. परवान्याची परीक्षा बाराव्या वर्षापासून देता येते, आणि अभ्यास आठवी-नववीच्या मुलाला झेपतो. अडतं ते गच्चीवर. सोसायटीत तार बांधू द्या म्हटलं की समितीला विजेची भीती वाटते, मोबाइल टॉवरची शंका येते. चाळीस मीटरचा डायपोल, म्हणजे साधा तारेचा अँटेना, यात असते दोन बाजूंना दहा-दहा मीटर तांब्याची तार, मध्ये एक केबल, बस. तुमच्यातले कितीतरी जण आपापल्या सोसायटीचे सेक्रेटरी, खजिनदार असतील. एखादी मुलगी असा अर्ज घेऊन आली, तर समितीच्या पुढच्याच बैठकीत तो मंजूर करा आणि तार ओढायला तिच्याबरोबर गच्चीवर जा.