कुंपणानं खाल्लेला कर

(दृश्य: रुळांच्या दोन्ही अंगांनी लांबवर गेलेलं कुंपण)

कॅलिफोर्निया. गुरं रुळांवर येऊ नयेत म्हणून घातलेलं हे साधं कुंपण. यावर कर कुणी लावायचा, राज्यानं की काउंटीनं, म्हणजे जिल्ह्याच्या प्रशासनानं? सँटा क्लारा काउंटी विरुद्ध सदर्न पॅसिफिक रेल्वे हा खटला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं १० मे १८८६ रोजी निकालात काढला, तो याच प्रश्नावर.

भांडण मात्र मोठं होतं. कॅलिफोर्निया राज्याच्या स्वतःच्या १८७९ च्या घटनेनुसार सामान्य माणसाची जमीन गहाण असेल, तर कर्ज वजा जाता उरलेल्या किमतीवरच कर. रेल्वे कंपन्यांना ही वजावट नाही. आणि सदर्न पॅसिफिकचा तर अख्खा मार्गच गहाण! कंपनीनं अमेरिकेच्या संविधानाच्या चौदाव्या घटनादुरुस्तीवर बोट ठेवलं. कायद्याचं समान संरक्षण प्रत्येक 'व्यक्ती'ला, मग कंपनी व्यक्ती नाही का? ही दुरुस्ती १८६८ ची, यादवी युद्धानंतर गुलामीतून सुटलेल्या माणसांसाठी झालेली.

(दृश्य: जुन्या निकालपत्राचं पान)

न्यायमूर्ती हार्लन यांनी त्या प्रश्नाला हातच लावला नाही. कुंपण हा रेल्वेमार्गाचा भाग नव्हे, त्याची आकारणी काउंटीनं करायची. राज्याच्या कर-आकारणी मंडळानं ते एकूण रकमेत मिसळलं, आणि आता वेगळं काढता येत नाही. सबब सगळी आकारणीच रद्द. कुंपणानं शेत खाल्लेलं आपण ऐकतो. इथे कर खाल्ला.

पण निकालाच्या वर छापलेला मजकूर वाचा. युक्तिवादाआधीच सरन्यायाधीश मॉरिसन वेट म्हणाले होते: चौदावी दुरुस्ती कंपन्यांना लागू होते का, यावर आम्हाला काही ऐकायचं नाही, ती लागू होते, असंच आम्हा सर्वांचं मत आहे. ना चर्चा, ना कारणं. ही नोंद केली निकालांचे वृत्तलेखक बॅनक्रॉफ्ट डेव्हिस यांनी. एके काळी तेही एका रेल्वे कंपनीचे अध्यक्ष होते. छापण्याआधी त्यांनी वेटना विचारलं. वेटनी कळवलं, नोंद बरोबर आहे. पण घटनेचा प्रश्न आम्ही टाळलाय, तेव्हा छापायचं की नाही ते तुम्हीच ठरवा.

डेव्हिसनी छापलं.

१८८९ मध्ये मिनियापोलिस अँड सेंट लुईस रेल्वेच्या खटल्यात न्यायालयानं 'सँटा क्लारा'चा दाखला दिला: कंपनी ही व्यक्ती आहे, असं तिथं ठरलेलंच आहे. तो निकाल लिहिला न्यायमूर्ती स्टीफन फील्ड यांनी. याच खटल्यात कॅलिफोर्नियाच्या सर्किट कोर्टात, म्हणजे खालच्या संघीय न्यायालयात, रेल्वेच्या बाजूनं आधी कौल देणारेही तेच.