हैती : उसाचा मळा आणि डोंगरातला तुकडा

मंडळी, हैतीचा विषय निघाला की १ जानेवारी १८०४ ही त्याच्या स्वातंत्र्याची तारीख सांगायची आणि टाळ्या घ्यायच्या, हे फार सोपं आहे. गुलामांनीच उठाव करून गुलामी मोडली आणि स्वतःचं राज्य उभं केलं, तेव्हा टाळ्या द्याच. पण मला आज बोलायचंय ते त्या राज्याच्या पोटातल्या भांडणाविषयी. गुलामी गेली, आता उसाच्या मळ्याचं करायचं काय?

सँ-दोमँग म्हणजे आजचं हैती, कॅरिबियन समुद्रातली फ्रान्सची वसाहत. १७८९ च्या सुमाराला युरोपात जाणाऱ्या साखरेतला जवळजवळ ४० टक्के वाटा या एकट्या वसाहतीचा. गोरे ४० हजारांच्या आत, मुक्त मिश्रवंशीय आणि काळे त्याहून थोडे कमी, आणि गुलाम सुमारे ५ लाख. त्यातले निम्म्याहून अधिक आफ्रिकेत जन्मलेले, कारण माणसं इतक्या झपाट्यानं मरत की नवी जहाजं भरून आणल्याशिवाय मळा चालत नसे. ज्यांनी आपल्याकडचं गुऱ्हाळ पाहिलंय त्यांना कल्पना येईल. रात्रपाळीत चरकात ऊस सारणाऱ्याला डुलकी लागली तर बोटांमागोमाग अख्खा हात आत ओढला जायचा. तो तोडून माणूस वाचवायला धारदार हत्यार चरकापाशीच ठेवलेलं असे.

मळ्याच्या कडेला, चढणीच्या हलक्या जमिनीत, गुलामांना एक तुकडा मिळे. मालकाचा पोसण्याचा खर्च वाचावा म्हणून. त्यात रताळी, कसावा, केळी लावायची, उरलेलं रविवारच्या बाजारात विकायचं. तुकडा टीचभर, पण तिथं मुकादम उभा नसायचा.

ऑगस्ट १७९१ मध्ये उत्तरेच्या मैदानातले मळे पेटले. पुढारी कोण? बुकमानसारखे लोक, म्हणजे मळ्यावरचे मुकादम, कोचमन. ज्यांना या मळ्यातून त्या मळ्यात ये-जा करता येई. स्वतंत्र राष्ट्राची भाषा तेव्हा कुणाच्या तोंडी नव्हती. राजानं आठवड्याला तीन दिवस मोकळे दिलेत आणि मालक ते दाबून बसलेत, अशी आवई उठलेली होती. आता हे तीन दिवस कशाला हवे होते? त्या तुकड्यासाठी! माझ्या मते पुढची सगळी गोष्ट या मागणीत आहे.

१७९३ मध्ये फ्रेंच कमिशनर सोंतोनाक्स यानं उत्तर भागात गुलामी संपल्याचं जाहीर केलं. फेब्रुवारी १७९४ मध्ये पॅरिसनं त्यावर शिक्का मारला. स्पेन आणि इंग्लंड दोघंही हा मुलूख गिळायला टपलेले. त्यांना पुरून उरला तूसाँ लुव्हेर्तूर, ब्रेदा मळ्यावर जन्मलेला गुलाम, एके काळचा कोचमन. पण सेनापतीचा राज्यकर्ता झाला की हिशेब बदलतो. फौजेला बंदुका हव्यात, बंदुकांना पैसा हवा आणि पैसा म्हणजे साखर. ऑक्टोबर १८०० मध्ये त्यानं हुकूम काढला आणि मळ्यावरच्या मजुरांना लष्करी शिस्त लावली. मजुरीपोटी उत्पन्नातला वाटा मिळे, चाबकाला बंदी होती, पण मळा सोडून जायचं नाही. मोठे मळे चालवायला घेतले ते त्याच्याच जनरलांनी. १८०१ मध्ये लोक पुन्हा उठले. या वेळी रोख तूसाँवर होता. उठावाचा ठपका त्यानं आपल्याच पुतण्यावर, मोईझवर ठेवला आणि त्याला गोळ्या घातल्या. तूसाँविषयी मला आदर आहे, पण हे पान उलटून पुढं जाता येत नाही.

वसाहत पुन्हा मुठीत घ्यायला नेपोलियननं फौज धाडली, तो भाग तुम्ही वाचलेला असेल. तूसाँला दगा देऊन पकडलं, एप्रिल १८०३ मध्ये तो फ्रान्समधल्या किल्ल्यात वारला. त्या फौजेचा सेनापती, नेपोलियनचा मेहुणा लक्लेर, आणि त्याची निम्म्याहून अधिक फौज पिवळ्या तापानं खाल्ली. १८ नोव्हेंबर १८०३ ला व्हेर्तिएरला उरलेल्या फ्रेंचांचा पराभव झाला. दीड महिन्यात तूसाँचा एके काळचा सेनापती देसालीन यानं गोनाईव्ह गावी स्वातंत्र्य जाहीर केलं आणि पुढच्या काही महिन्यांत उरलेल्या फ्रेंच गोऱ्यांची कत्तलही करवली.

देसालीन सम्राट झाला. फ्रेंचांचे मळे सरकारजमा केले, मिश्रवंशीय जमीनदारांचे कागद तपासायला काढले. ज्यांचे बाप आफ्रिकेत राहिले त्यांच्या वाट्याला काहीच नाही का, असं तो विचारी म्हणतात. पण मजुराला मळ्यावर डांबायचं धोरण त्याचंही तेच. ऑक्टोबर १८०६ मध्ये त्याच्याच लोकांनी त्याला पों-रूजला गाठून मारलं.

देश दुभंगला. उत्तरेत क्रिस्तोफ हा दुसरा सेनापती राजा झाला. त्यानं मळे जोरात चालवले, डोंगरमाथ्यावर सितादेल हा अजस्र किल्ला बांधला आणि १८२० मध्ये स्वतःला गोळी घालून घेतली. दक्षिणेत पेत्यों हा मिश्रवंशीय सेनापती अध्यक्ष झाला, पण त्याची तिजोरी कायम रिकामी. त्यानं सैनिकांना पगाराऐवजी जमिनी वाटल्या. इतिहासकार त्याला ढिला म्हणतात. लोकांनी त्याला ‘पापा बों केर’, मोठ्या मनाचा बाप, म्हटलं. मला लोकांचं बरोबर वाटतं.

पुढं पेत्योंच्या जागी आलेल्या ब्वायेनं दोन्ही भाग एक केले. जुलै १८२५ मध्ये फ्रेंच आरमार राजधानी पोर्तोप्रँससमोर येऊन उभं राहिलं. स्वातंत्र्याला फ्रान्सची मान्यता हवी असेल तर जुन्या मळेवाल्यांना १५ कोटी फ्रँक भरपाई द्या, पाच हप्त्यांत! बुडालेल्या मालमत्तेत माणसांचीही किंमत धरलेली होती. ब्वायेनं सही केली. पहिल्या ३ कोटींच्या हप्त्यासाठी पॅरिसच्याच सावकारांकडून ३ कोटींचं कर्ज काढलं. हातात पडले २ कोटी ४० लाख. पुढं १८३८ मध्ये उरलेली रक्कम ६ कोटींवर आणली, तरी त्यातून निघालेली कर्जं फिटता फिटता विसावं शतक उजाडलं.

पैसा उभा करायला ब्वायेनं १८२६ मध्ये शेतीचा कायदा केला : मजुरानं करार करायचा, परवान्याशिवाय जागा सोडायची नाही. तो बव्हंशी कागदावरच राहिला. माणसं केव्हाच चढणीवर जाऊन बसली होती. खायला रताळी नि कसावा, विकायला थोडी कॉफी. साखरेची निर्यात जवळपास संपली आणि सरकारी उत्पन्नाचा मोठा आधार उरला तो बंदरावर कॉफीवर बसणारा कर. जुन्या मालकांची भरपाई गेली ती बरीचशी त्यातून.