विटांच्या चर्चमधली शाळा

मंडळी, जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्यांना. हे आपण शाळेपासून ऐकत आलो. पण सुटल्यावर त्या माणसांनी काय मागितलं? जमीन मागितली आणि शाळा मागितली. त्यांच्या एका शाळेबद्दल आज बोलतो.

दक्षिण कॅरोलिनाच्या किनाऱ्यालगत सेंट हेलेना हे बेट आहे. इथला लांब धाग्याचा कापूस नावाजलेला, आणि तो पिकवणारे हात गुलामांचे. अमेरिकेत उत्तर-दक्षिण यादवी युद्ध पेटलेलं; ७ नोव्हेंबर १८६१ ला उत्तरेच्या आरमाराने इथलं पोर्ट रॉयल बंदर घेतलं, तसे मळेवाले घरदार टाकून पळाले. आसपासच्या बेटांवर सुमारे दहा हजार माणसं मागे राहिली. मालक उरला नव्हता, पण राष्ट्राध्यक्ष लिंकन यांचा गुलाममुक्तीचा जाहीरनामा निघायला अजून वर्षाहून अधिक अवकाश होता.

१८६२ च्या जूनमध्ये उत्तरेतून आलेल्या लॉरा टाऊन आणि एलन मरे या शिक्षिकांनी ‘ओक्स’ मळ्यावरच्या घरात, मागच्या खोलीत वर्ग भरवला. विद्यार्थी नऊ. याच राज्यात १८३४ च्या कायद्याने गुलामाला लिहा-वाचायला शिकवणं हा गुन्हा होता. खोली अपुरी पडली तेव्हा शाळा विटांच्या चर्चमध्ये गेली. हे चर्च १८५५ साली गुलामांनीच बांधलेलं, पण त्यांना बसायला जागा वरच्या सज्जात. आता त्यांचीच मुलं खाली, मालकांच्या जागी बसून मुळाक्षरं गिरवत होती. या शाळेच्या साऱ्या इतिहासात मला याहून मोठा क्षण दिसत नाही.

ऑक्टोबरमध्ये शार्लट फोर्टन आली. फिलाडेल्फियाची, पंचविशीतली, स्वतः कृष्णवर्णीय. एकाच दालनात अनेक वर्ग, मध्ये आडोसा नाही, कलकलाट केवढा! त्यातही तिने मुलांना हैतीच्या तूसाँ लूव्हेर्त्यूरची गोष्ट सांगितली. आपल्यासारख्या काळ्या माणसाने गुलामांना लढायला उभं केलं, हे त्या मुलांना कळायला हवं, असं तिला वाटलं. अभ्यासक्रमात असलं काही कोण घालतो?

पुढे पेनसिल्व्हेनियातल्या हितचिंतकांनी सुट्या भागांची इमारत जहाजाने पाठवली. ‘पेन स्कूल’ हे नाव त्या राज्यावरून पडलं. टाऊनबाई १९०१ साली वारल्या, तोवर त्या याच बेटावर राहिल्या. सुमारे चाळीस वर्षं!

त्यानंतर शाळेने हॅम्प्टनची, म्हणजे व्हर्जिनियातल्या त्या नावाच्या संस्थेत चाले तशा हातकामाच्या शिक्षणाची वाट धरली. शेती, सुतारकाम, टोपल्या विणणं. बेटाला त्याचा उपयोग झाला, हे मी नाकारत नाही. पण मुक्त झालेल्यांच्या नातवंडांना पुस्तकापेक्षा अवजार आधी हाती द्यावं, हा निर्णय त्यांच्या वतीने दुसऱ्यांनी घेतला, हे मला आजही खुपतं.

१९४८ मध्ये शाळा बंद झाली. आवार मात्र ओस पडलं नाही. १९६० च्या दशकात दक्षिणेत काळे-गोरे एकत्र मुक्काम करू शकतील अशा जागा मोजक्याच होत्या. पेन त्यांपैकी एक. मार्टिन ल्यूथर किंग आपल्या सहकाऱ्यांसह पुढच्या लढ्याची आखणी करायला इथे येत. आणि ते विटांचं चर्च अजून उभं आहे, त्याच्या सज्जासकट.